गुणोत्तर दिलंय आणि संख्या काढायच्यात? मांडणीपासून ताळ्यापर्यंत सगळं

गुणोत्तराचं शाब्दिक उदाहरण दिसलं की बऱ्याच जणांना वाटतं आपल्याला समीकरणं सोडवता येत नाहीत, पण खरं सांगायचं तर सोडवणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग असतो आणि घोळ होतो तो मांडणीत. दोन समीकरणं एकदा नीट कागदावर उतरली की पुढे फक्त गुणाकार आणि बेरीज-वजाबाकी उरते. म्हणून इथे मांडणीवरच जास्त बोलू, सोडवायच्या पद्धती मध्ये मध्ये येतीलच.

आधी एक गोष्ट पक्की करून टाका. गुणोत्तर तुम्हाला संख्या सांगत नाही. दोन संख्या ५:३ या प्रमाणात आहेत म्हणजे त्या ५ आणि ३ असू शकतात, ५० आणि ३० असू शकतात, साडेसात आणि साडेचार पण असू शकतात. तेच समीकरणात लिहिलं तर

क्ष/य = ५/३, म्हणजे ३क्ष − ५य = ०

उजवीकडे काय आलं बघा, शून्य. नुसत्या गुणोत्तरातून जे समीकरण निघतं त्याच्या उजव्या बाजूला कायम शून्यच येतं, आणि असल्या समीकरणातून क्ष आणि य यांचं नातं कळतं पण आकडा कळत नाही. त्यामुळे उदाहरण वाचताना पहिल्यांदा शोधायची गोष्ट म्हणजे "खरा आकडा" कुठे आहे. बेरीज अमुक आहे, फरक तमुक आहे, दोघांत ८ मिळवले, ५ वर्षांपूर्वी, असं काहीतरी असणारच. ते सापडलं की त्याच्याखाली रेघ मारून ठेवा.

आता सगळ्यात साधा टाईप. दोन संख्यांचं गुणोत्तर ५:३ आहे, प्रत्येकीत ८ मिळवले तर गुणोत्तर ७:५ होतं, संख्या काढा. इथे क्ष आणि य घेऊन दोन समीकरणं मांडता येतात पण कशाला, सरळ संख्या ५क आणि ३क माना. एकच चल, म्हणजे एकच समीकरण पुरतं.

(५क + ८)/(३क + ८) = ७/५
५(५क + ८) = ७(३क + ८)
२५क + ४० = २१क + ५६
४क = १६, क = ४

संख्या २० आणि १२. इथे बरेच जण "क = ४" लिहून उत्तर संपवतात, पण विचारलंय काय तर संख्या, म्हणून शेवटी ५क आणि ३क काढायचंच. ताळा बघा, २८:२० म्हणजे ७:५, बरोबर.

दुसरी हमखास चूक म्हणजे तिरकस गुणाकार करताना कंस न टाकणं. ५ × ५क + ८ असं लिहिलं की ८ ला ५ ने गुणायचं राहून जातं आणि मग क ची किंमत चुकीची येते, आणि माणूस तासभर भलतीकडेच चूक शोधत बसतो. कंस आधी, गुणाकार नंतर, आणि अंश-छेदात वजाबाकी असेल तर दुप्पट सांभाळून.

आता गंमत इथून सुरू होते. समजा मूळ गुणोत्तर दिलेलंच नाही, फक्त बदल केल्यावरची दोन गुणोत्तरं दिलीत. आजच्या वयांबद्दल काहीच सांगितलेलं नाही, पण ५ वर्षांपूर्वी आई आणि मुलीच्या वयांचं गुणोत्तर ५:२ होतं आणि ७ वर्षांनी ते ७:४ होणार आहे. इथे काय मानायचं? माझं मत स्पष्ट आहे, आजची वयं क्ष आणि य माना, कारण "आज" हा मधला बिंदू आहे आणि मागे-पुढे दोन्हीकडे तिथूनच मोजायचंय.

२(क्ष − ५) = ५(य − ५), यातून २क्ष − ५य = −१५
४(क्ष + ७) = ७(य + ७), यातून ४क्ष − ७य = २१

पहिल्याला २ ने गुणलं की ४क्ष − १०य = −३०. आता दुसऱ्यातून हे वजा करा, वजा करताना प्रत्येक पदाचं चिन्ह बदलतं हे विसरू नका, −७य + १०य = ३य आणि २१ + ३० = ५१, म्हणून य = १७. मग २क्ष = ८५ − १५ = ७०, क्ष = ३५. ताळा: ५ वर्षांपूर्वी ३० आणि १२, म्हणजे ५:२. ७ वर्षांनी ४२ आणि २४, म्हणजे ७:४. झालं.

याच उदाहरणाचा एक शॉर्टकट आहे जो मला फार आवडतो. दोघींच्या वयातला फरक कधी बदलत नाही. ५:२ मध्ये फरक ३ भागांचा आहे आणि ७:४ मध्ये पण ३ भागांचाच आहे, म्हणजे दोन्ही वेळचा "एक भाग" सेम आहे. मग आईचं वय ५ भागांवरून ७ भागांवर गेलं, २ भाग वाढले, आणि मध्ये वर्षं गेली १२, म्हणजे एक भाग ६ वर्षांचा. ५ वर्षांपूर्वी ३० आणि १२. संपलं, समीकरण लिहायचीही गरज नाही. दोन्ही गुणोत्तरांतला फरक सारखा नसेल तर आधी तो सारखा करून घ्यायचा, जसं ३:१ आणि २:१ दिलं असेल तर फरक २ आणि १ आहेत, म्हणून दुसरं ४:२ लिहायचं. पण हा शॉर्टकट चालतो तो दोन्ही संख्यांत सारखीच भर पडत असेल किंवा सारखीच घट होत असेल तेव्हाच. एकीत ५ मिळवले आणि दुसरीतून ३ काढले असं असेल तर फरकच बदलतो, मग सरळ समीकरणांकडे या.

आता ज्या ठिकाणी सगळ्यात जास्त मार्क जातात तिकडे येऊ. दोन जणांच्या उत्पन्नाचं गुणोत्तर ५:४, खर्चाचं गुणोत्तर ७:५ आणि दोघांचीही महिन्याची बचत ९ हजार, तर उत्पन्न किती. इथे उत्पन्न ५क आणि ४क मानलं, ठीक. पण खर्च पण ७क आणि ५क मानला की गेलं सगळं! उत्पन्नाचा एक भाग आणि खर्चाचा एक भाग सारख्याच आकाराचे असतील असं कोणी सांगितलंय? या उदाहरणात तर चूक लगेच उघडी पडते, कारण ५क − ७क म्हणजे −२क, बचत मायनसमध्ये. पण दरवेळी एवढं नशीब नसतं, कधी कधी चुकीच्या मांडणीतून दिसायला छान उत्तर येतं आणि ते तसंच लिहिलं जातं. नियम साधा ठेवा, वेगळं गुणोत्तर तर वेगळं अक्षर. उत्पन्न ५क, ४क आणि खर्च ७म, ५म, सगळं हजारात.

५क − ७म = ९
४क − ५म = ९

पहिल्याला ४ ने आणि दुसऱ्याला ५ ने गुणा:

२०क − २८म = ३६
२०क − २५म = ४५

खालच्यातून वरचं वजा केलं की ३म = ९, म = ३. मग ५क = ९ + २१ = ३०, क = ६. उत्पन्न ३० हजार आणि २४ हजार, खर्च २१ हजार आणि १५ हजार, दोन्हीकडे बचत ९ हजार. बघा, दोन गुणोत्तरं होती, त्यांची दोन अक्षरं झाली, आणि खरे आकडे पण दोन होते, एकाची बचत आणि दुसऱ्याची बचत. हिशोब जुळला पाहिजे, जितकी अक्षरं तितकी स्वतंत्र समीकरणं. एक समीकरण कमी पडतंय असं वाटलं तर वाक्य परत वाचा, "दोघांचीही" सारखा एखादा शब्द निसटलेला असतो.

अक्षरांचं म्हणाल तर क, म, क्ष, य काहीही घ्या, त्याने काही बिघडत नाही. भास्कराचार्यांच्या काळी अज्ञात राशींना यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशी नावं असायची, पहिली सोडली तर बाकी चक्क रंगांवरून. मुद्दा एवढाच की प्रत्येक अज्ञात गोष्टीला तिचं स्वतःचं नाव हवं आणि ते कशाचं नाव आहे हे वरती एका ओळीत लिहून ठेवायचं.

याच दोन समीकरणांवर निश्चयक पद्धत पण करून बघू, म्हणजे क्रेमरची. निश्चयक म्हणजे चार आकड्यांच्या चौकटीतल्या दोन तिरकस गुणाकारांची वजाबाकी, आणि क किंवा म साठी त्या अक्षराच्या सहगुणकांच्या जागी उजवीकडचे आकडे टाकायचे. गॅब्रिएल क्रेमर हा स्विस गणिती, त्याने १७५० मध्ये ही रीत छापली. सहगुणक (म्हणजे अक्षरांपुढचे आकडे) ५, −७ आणि ४, −५, तर

मुख्य निश्चयक = ५ × (−५) − (−७) × ४ = −२५ + २८ = ३
क साठी = ९ × (−५) − (−७) × ९ = −४५ + ६३ = १८
म साठी = ५ × ९ − ९ × ४ = ९

क = १८/३ = ६, म = ९/३ = ३. तेच आलं. सहगुणक वेडेवाकडे असतील, लसावि मोठा येत असेल, तर ही पद्धत बरी. पण समीकरणं आधी "क्ष, य डावीकडे आणि आकडा उजवीकडे" अशी लावून घ्यायची, नाहीतर स्थिरपदाचं चिन्ह उलटं जातं. आणि एखाद्या समीकरणात नुसतं क्ष किंवा नुसतं य असेल (म्हणजे सहगुणक १) तर निश्चयक बिश्चयक सोडा, त्या चलाची किंमत दुसऱ्यात टाका आणि मोकळे व्हा.

कधी कधी सहगुणक अदलाबदल केलेले असतात, जसं

१७क्ष + १३य = ७७
१३क्ष + १७य = ७३

हे बघून कोणी १७ ला १३ ने गुणायला लागलं तर थांबवा. बेरीज करा, ३०क्ष + ३०य = १५०, म्हणून क्ष + य = ५. वजाबाकी करा, ४क्ष − ४य = ४, म्हणून क्ष − य = १. क्ष = ३, य = २. अर्ध्या मिनिटाचं काम.

तीन संख्यांचं गुणोत्तर तुकड्यांत दिलं असेल तर मधला दुवा सारखा करायचा. पहिली:दुसरी = २:३, दुसरी:तिसरी = ४:५. दुसरी एकदा ३ आहे, एकदा ४, दोन्हीचा लसावि १२, म्हणून पहिलं गुणोत्तर ८:१२ आणि दुसरं १२:१५, एकत्र ८:१२:१५. बेरीज १०५ असेल तर ३५क = १०५, क = ३, संख्या २४, ३६, ४५. इथे २:३:५ असं डोळे झाकून जोडणारे खूप असतात, तसं करू नका.

आता गुणोत्तर संख्यांचं नसून राशींचं असेल तर? (४क्ष + ३य) : (२क्ष + ५य) = ९:८ आणि शिवाय ५क्ष − ४य = २८. घाबरायचं काही नाही, तिरकस गुणाकार करा.

३२क्ष + २४य = १८क्ष + ४५य
१४क्ष = २१य
क्ष:य = ३:२

भयंकर दिसणाऱ्या राशीतून शेवटी एक साधं गुणोत्तरच बाहेर पडलं. आता क्ष = ३क, य = २क दुसऱ्या समीकरणात टाका, १५क − ८क = २८, क = ४, म्हणून क्ष = १२, य = ८. म्हणजे हा पण पहिल्याच टाईपचा प्रॉब्लेम होता, फक्त कपडे वेगळे. इथे एक बारीक गोष्ट, १४क्ष = २१य वरून क्ष:य = १४:२१ लिहू नका. क्ष ला जो सहगुणक आहे तो गुणोत्तरात य च्या जागी जातो, उलटं होतं. शंका आली तर किंमत टाकून बघा, १४ × ३ = ४२ आणि २१ × २ = ४२.

आता माझ्या मते या सगळ्या विषयातला सगळ्यात भारी भाग. हे उदाहरण बघा: दोन संख्यांचं गुणोत्तर ५:३ आहे, आणि त्यांची बेरीज व फरक यांचं गुणोत्तर ४:१ आहे, संख्या काढा. दोन वाक्यं आहेत, दोन अज्ञात आहेत, सुटायला पाहिजे ना? मांडा. ५क + ३क = ८क, ५क − ३क = २क, गुणोत्तर ४:१. क उडून गेला! कारण दुसरं वाक्य नवीन काही सांगतच नव्हतं, पहिल्यालाच योग-वियोग क्रिया (म्हणजे बेरीज आणि फरक यांचं गुणोत्तर घेणं) लावली की तेच मिळतं. अशा वेळी तुमचं काही चुकलेलं नसतं, उदाहरणातच माहिती कमी असते. क्ष आणि य मध्ये मांडलं असतं तर (क्ष + य) = ४(क्ष − य), म्हणजे ३क्ष − ५य = ०, अगदी वर आपण लिहिलं होतं तेच समीकरण.

आणि उलट पण होतं. गुणोत्तर ३:२ आहे आणि पहिलीच्या चौपटीतून दुसरीची सहापट वजा केली तर १० उरतात. ३क आणि २क टाका, १२क − १२क = १०, म्हणजे ० = १०. अशा संख्या अस्तित्वातच नाहीत.

हे आधीच कसं ओळखायचं? तर परत गुणोत्तरानेच. दोन समीकरणं एकाखाली एक लिहा आणि सहगुणकांची गुणोत्तरं काढा, क्ष चं क्ष शी, य चं य शी, आकड्याचं आकड्याशी. पहिली दोन वेगळी आली तर एकच उत्तर आहे, बिनधास्त सोडवा. पहिली दोन सारखी आणि तिसरं वेगळं आलं तर उत्तर नाही. तिन्ही सारखी तर उत्तरं अगणित. जसं ४क्ष − ६य = १० आणि ६क्ष − ९य = १२ घेतलं तर २/३, २/३ आणि ५/६, उत्तर नाही. तिथेच १२ च्या जागी १५ केले तर तिन्ही २/३ आणि दोन्ही समीकरणं म्हणजे एकच रेषा. आलेखावर बघितलं तर पहिल्या केसमध्ये रेषा छेदतात, दुसऱ्यात समांतर असतात, तिसऱ्यात एकमेकींवर बसतात. निश्चयक पद्धतीत मुख्य निश्चयक शून्य आला तर समजायचं की शेवटच्या दोनपैकी काहीतरी आहे. आणि दोन्ही समीकरणांत उजवीकडे शून्यच असेल, म्हणजे दोन्ही नुसती गुणोत्तरं, तर एकतर ती सारखी आहेत नाहीतर उत्तर ० आणि ०. म्हणूनच सुरुवातीला म्हटलं की खरा आकडा शोधा.

दोन अंकी संख्येचा टाईप पटकन बघून घेऊ. दशक आणि एकक यांचं गुणोत्तर १:२, अंकांची अदलाबदल केली तर संख्या २७ ने वाढते. संख्या १०क्ष + य, उलटी १०य + क्ष, फरक ९(य − क्ष) = २७, म्हणून य − क्ष = ३. य = २क्ष, म्हणून क्ष = ३, संख्या ३६. चूक एकच होते, संख्या "क्षय" अशी मानणं, म्हणजे क्ष आणि य शेजारी लिहिणं, तो तर गुणाकार झाला.

राहिला मिश्रणाचा टाईप, आणि यात गुणोत्तर वाचण्याचीच परीक्षा असते. एका द्रावणात आम्ल आणि पाणी ३:२, दुसऱ्यात १:४, दोन्ही मिसळून १२ लिटर असं मिश्रण हवंय की आम्ल आणि पाणी समान. किती किती घ्यायचं? पहिलं क्ष लिटर, दुसरं य लिटर. क्ष लिटरमध्ये आम्ल किती? ३/२ क्ष नाही, ३/५ क्ष! गुणोत्तर ३:२ म्हणजे एकूण ५ भाग, त्यातले ३ आम्लाचे. दुसऱ्यात १/५ य. तयार मिश्रणात आम्ल ६ लिटर.

क्ष + य = १२
३क्ष/५ + य/५ = ६, म्हणजे ३क्ष + य = ३०

वजा करा, २क्ष = १८, क्ष = ९, य = ३. ताळा आम्लाचा पण घ्या आणि पाण्याचा पण घ्या: आम्ल ५.४ + ०.६ = ६, पाणी ३.६ + २.४ = ६. ताळा घेताना किंमती तुम्ही मांडलेल्या समीकरणात टाकण्यापेक्षा मूळ उदाहरणातल्या वाक्यांत टाका, कारण मांडणीच चुकलेली असेल तर समीकरण तुम्हाला "बरोबर आहे" असंच सांगणार.

आणि हेच मिश्रण ४:१ चं हवं असं कोणी म्हटलं तर? आम्ल ९.६ लिटर, म्हणून ३क्ष + य = ४८, त्यातून क्ष = १८ आणि य = −६. समीकरणाला उत्तर आहे, पण उणे ६ लिटर कुठून ओतणार. दोन्ही द्रावणांत आम्लाचा वाटा ३/५ आणि १/५ आहे, मिसळून तो त्यांच्या मधेच कुठेतरी येणार, ४/५ पर्यंत जाणं शक्यच नाही, हे पेन उचलायच्या आधीच दिसायला हवं.